हमायसिनची कुळकथा

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास मोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग यांच्याभोवती सांगण्याची प्रथा आहे. तथापि हे कारखाने उभे राहण्यापूर्वीच पिंपरीत एक मोठा सरकारी कारखाना आला होता आणि तो औषधांचा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने 1955 पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. या कारखान्याला जोडूनच संशोधन विभाग उभारण्यात आला. आयात केलेले तंत्र राबवण्याइतकेच नवे प्रतिजैविक शोधण्याचे कामही तेथे चालावे, हा निर्णय दूरदृष्टीचा होता आणि हमायसिन हे त्याचे पहिले ठळक फळ होय.

या विभागाची धुरा कवकशास्त्रज्ञ एम. जे. थिरुमलाचार यांच्याकडे होती. पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशींचा त्यांचा अभ्यास गाढा असल्याने बुरशीला मारणारे द्रव्य शोधण्याकडे विभागाचा ओढा असणे स्वाभाविक होते. अशा शोधाची रीत ठरलेली होती: मातीचा नमुना पाण्यात कालवून तो पोषक द्रव्य घातलेल्या आगरच्या थाळीवर पसरायचा, उगवलेल्या वसाहतींतून स्ट्रेप्टोमायसिस कुळातील, म्हणजे बुरशीसारखे तंतू धरणारे परंतु प्रत्यक्षात जीवाणू असलेले सूक्ष्मजीव वेगळे काढायचे आणि त्यांच्या शेजारी रोगकारक बुरशी वाढवून पाहायची. ज्या वसाहतीभोवती बुरशी उगवत नाही आणि थाळीवर स्वच्छ पट्टा राहतो, तीच पुढील परीक्षेला पात्र ठरते. या वाटेने हाती आलेल्या एका सूक्ष्मजीवाला गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव देण्यात आले, त्याने तयार केलेल्या पिवळसर द्रव्याला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हमायसिन म्हटले गेले आणि 1961 मध्ये कारखान्याच्याच शोधपत्रिकेत त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

हमायसिन पॉलिईन या गटातले आहे. या गटातील वडील भावंड म्हणजे निस्टॅटिन. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन संशोधक स्त्रियांनी ते 1950 मध्ये जगासमोर आणले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तर मानवी पेशीच्या आवरणात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. पॉलिईनचे रेणू अर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट चिकटून आवरणाला छिद्रे पाडतात, त्यामुळे पेशीतील क्षार बाहेर झिरपतात आणि बुरशी मरते. हमायसिन निस्टॅटिनपेक्षा पाण्यात अधिक विरघळते आणि पोटातून घेतल्यास थोडेफार रक्तातही उतरते; मात्र शरीराच्या आत खोलवर पसरलेल्या बुरशीसाठी त्यावर विसंबता येत नाही, म्हणून त्याचा वापर तोंड, कान, त्वचा आणि योनिमार्ग येथील बाह्य उपचारापुरता राहिला.

कर्करोगाच्या शुश्रूषेशी या औषधाचे नाते तोंडातून जुळते. पेशीने कधी विभागावे आणि कधी थांबावे हे ठरवणाऱ्या जनुकांत बदल साचत गेले की ती पेशी थांबण्याचे संकेत मानीनाशी होते, आणि तिच्या अनिर्बंध वाढीतून कर्करोग निर्माण होतो. किमोथेरपीची बरीच जुनी औषधे विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. परंतु तोंडातील अस्तर आणि अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही सतत विभागत असल्याने त्याही त्या तडाख्यात सापडतात. उपचारानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, ज्याला रुग्णालयात ‘काउंट पडले’ असे म्हणतात, आणि बहुधा त्याच सुमारास तोंड सोलवटते. एरवी तोंडात निमूट राहणारी कँडिडा ही बुरशी या संधीचा लाभ घेते. मान आणि जबडा यांवर किरणोपचार झालेल्या रुग्णांत लाळ आटल्याने हाच त्रास वाढतो, आणि तंबाखू व मिसरीची सवय खोल रुजलेल्या महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगामुळे असे रुग्ण थोडे नाहीत.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागते. किमोथेरपीतील डॉनोरुबिसिन हे औषधही स्ट्रेप्टोमायसिस कुळातीलच असून, इटलीतील कास्तेल देल मोंते परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन त्याच सूक्ष्मजीवाच्या बदललेल्या वाणातून आले. कर्कपेशीच्या डीएनएमध्ये घुसणारे औषध आणि त्या उपचारानंतर तोंडात माजणाऱ्या बुरशीला आवरणारे औषध, दोन्ही मातीतील एकाच कुळाची देणगी आहेत.

तथापि अशा औषधाचा गुण ते लावणाऱ्या हातावर अवलंबून असतो, कारण ते जेथे टेकते तेथेच काम करते. अनुभवी परिचारिका बॅटरीच्या उजेडात जीभ, टाळू आणि गालांची आतली बाजू रोज पाहते. दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर ओल्या कापसाने पुसल्यावर निघाला आणि खाली लाल, हुळहुळणारी जागा दिसली, तर ती बुरशीची शंका धरून डॉक्टरांना कळवते. कवळी असल्यास ती काढून स्वच्छ केली जाते, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरवली जाते, आणि मगच ग्लिसरीनमध्ये मिसळलेले औषध तोंडभर लावले जाते, ज्यानंतर काही काळ पाणीही देत नाहीत. क्रम उलटला आणि औषधावर लगेच चूळ भरली, तर औषध वाहून जाते. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याची नोंद कोणत्याही शोधनिबंधाच्या शीर्षकात येत नाही, पण हमायसिनच्या इतिहासाचा निम्मा भाग याच कामाचा आहे.

पुढे क्लोट्रिमॅझोल आणि गोळीच्या रूपात घेता येणारे फ्लुकोनॅझोल आले, तशी हमायसिनची जागा आक्रसत गेली, आणि खुद्द कारखानाही पुढील दशकांत आर्थिक अडचणीत आला. औषधनिर्माणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पिंपरीचे नाव या औषधाबरोबर छापले जाते. औषध बदलले तरी तोंडाची निगा बदललेली नाही. किमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचे तोंड आले, तर ‘अंगात उष्णता झाली’ असे समजून घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, तोंड रोज उजेडात पाहावे, पांढरा थर दिसताच परिचारिकेला दाखवावा, आणि ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक असल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.