कॉब्डेनबाईंची निवडणूक

लंडनसारख्या अवाढव्य शहराचा सर्वसाधारण कारभार पाहणारी, लोकांनीं थेट निवडलेली अशी एकही संस्था १८८९ पूर्वीं नव्हती, असें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. १८८८ च्या कायद्यानें ही उणीव भरून काढली आणि १८८९ च्या जानेवारींत लंडन काउंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. घरपट्टी भरणाऱ्या अविवाहित स्त्रियांना व विधवांना स्थानिक निवडणुकींत मत देण्याचा हक्क १८६९ पासूनच मिळालेला होता. पण मत देणारी स्त्री स्वतः सभासद होऊं शकते कीं नाहीं, याविषयीं नवा कायदा मुग्ध होता. मौनाला संमति समजून दोन स्त्रिया उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. ब्रिक्स्टन विभागांतून उभ्या राहिलेल्या लेडी सँडहर्स्ट या, पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेल्या आणि प्लेगच्या दिवसांमुळें महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या मातोश्री. दुसऱ्या जेन कॉब्डेन; धान्यावरील जकातीविरुद्ध झगडलेल्या रिचर्ड कॉब्डेन यांच्या कन्या.

कॉब्डेनबाईंचा विभाग बो आणि ब्रॉम्ले हा होता. पूर्व लंडनमधील ही दरिद्री कामकऱ्यांची वस्ती. बो येथील आगपेट्यांच्या कारखान्यांतील मुलींनीं अवघ्या सहा महिन्यांपूर्वींच संप करून मालकांना नमविलें होतें. प्रचाराची सूत्रें जॉर्ज लॅन्सबरी या तिशीच्या उंबरठ्यावरील कार्यकर्त्याच्या हातीं होतीं. हेच लॅन्सबरी पुढें मजूर पक्षाचे नेते झाले. तेव्हां मात्र ते लिबरल पक्षांत होते. उमेदवारानें काय बोलावें हें त्यांना नेमकें कळत होतें: गरिबांची घरें, तुटपुंज्या मजुरीवर होणारी पिळवणूक, सभा भरविण्याचें स्वातंत्र्य आणि पोलिसांवर लोकांचा ताबा. स्त्रियांच्या हक्कांचा खास प्रश्न या प्रचारांत बहुतेक बाजूलाच ठेवला गेला. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. पण खुराड्यासारख्या खोलींत राहणाऱ्या मतदाराला आधीं त्याच्या छपराविषयीं बोलणें, यांत शहाणपणाच अधिक होता. दोघीही निवडून आल्या.

खरी लढाई यानंतर न्यायालयांत झाली. लेडी सँडहर्स्ट यांचे पराभूत प्रतिस्पर्धी बेरेस्फर्ड होप यांनीं निवडणुकीविरुद्ध दाद मागितली. १८८२ च्या म्युनिसिपल कायद्यांत, मतदानापुरता पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असें एक कलम होतें. न्यायाधीशांनीं त्याचा अर्थ असा लावला कीं, ज्या अर्थीं मतदानापुरतीच ही सवलत दिली आहे, त्या अर्थीं सभासदत्व नाकारलें आहे. स्त्रियांना हक्क देणारें कलमच अशा रीतीनें त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरलें! लेडी सँडहर्स्ट यांची जागा गेली आणि तेथें बेरेस्फर्ड होप येऊन बसले.

कॉब्डेनबाईंच्या निवडणुकीला कोणीं तात्काळ हरकत घेतली नाहीं. बारा महिन्यांत आव्हान न दिलेली निवडणूक पक्की समजावी, असा नियम होता. तेव्हां वकिलांच्या सल्ल्यावरून त्या सभांपासून दूर राहिल्या आणि मुदत उलटल्यावर १८९० च्या फेब्रुवारींत कामाला लागल्या. परंतु सर वॉल्टर डिसूझा या कॉन्झर्व्हेटिव्ह सभासदांनीं नवी युक्ति काढली. निवडणूक पक्की झाली असली तरी बाईंनीं कौन्सिलांत दिलेलें प्रत्येक मत बेकायदेशीर आहे, अशी फिर्याद त्यांनीं केली. आणि कौन्सिलनेंच आल्डरमन म्हणून निवडलेल्या एमा कॉन्स यांनाही त्यांनीं न्यायालयांत खेंचलें. १८९१ सालीं अपील कोर्टानें कॉब्डेनबाईंचा अडीचशें पौंडांचा दंड पांच पौंडांवर आणला, पण मूळ दोष कायम ठेवला. दंड न भरतां तुरुंगांत जावें, असें लॅन्सबरींचें म्हणणें. बाईंना तें मानवलें नाहीं. राजीनामाही त्यांनीं दिला नाहीं. हजारों मतदारांनीं बोलण्यासाठीं पाठविलेल्या या सभासद मुदतीचे उरलेले महिने कौन्सिलांत मूकपणें बसून राहिल्या. भाषण नाहीं, मत नाहीं. १८९२ च्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहींत.

काउंटी कौन्सिलांत बसण्याचा निःसंदिग्ध हक्क स्त्रियांना १९०७ च्या कायद्यानें मिळाला. पार्लमेंटचें मत मात्र अद्याप दूर होतें. १९१२ सालीं त्याच बो आणि ब्रॉम्लेचे पार्लमेंटमधील प्रतिनिधि लॅन्सबरी हे होते. आतां त्यांनीं स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न बाजूला ठेवला नाहीं. त्या एकाच प्रश्नावर त्यांनीं आपली जागा सोडली, पुन्हां उमेदवारी केली आणि ७५१ मतांनीं ते पडले.