कीर्तनकारांची शाळा आणि नदीचा धडा



आमच्या वरठीत सप्ताहाचा मांडव पडला की, ग्रामपंचायतीची सूचना कधी न वाचणारा माणूसही बुवांसमोर दोन तास मांडी घालून बसतो. म्हणून मला वाटते, पर्यावरणाचे शिक्षण आधी बुवांना मिळावे. कल्पना नवी वाटेल, पण तिची मुळे आपल्याकडे जुनीच आहेत.

पूर्वी कीर्तनाची विद्या फडांत आणि घराण्यांत गुरूकडून शिष्याकडे जाई. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या विद्येला शाळा मिळाली. चार वर्षे ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, अर्थ. तिथे शिकलेले कीर्तनकार महाराष्ट्रभर गेले.

आपल्या विदर्भाची रीत वेगळी. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तन करत. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारले. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीचा वेगळा अध्यायच आहे. म्हणजे सफाई हा प्रचारकाच्या कामाचाच भाग झाला. पुढे १९८६ साली इटलीतल्या असिसी गावी पाच धर्मांचे प्रतिनिधी निसर्गरक्षणासाठी एकत्र बसले. तोवर गाडगेबाबांना जाऊन तीस वर्षे झाली होती!

मग २००८ साल आले. चाकणजवळ शिंदे-वासुली भागात डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र होणार होते. आपल्या नद्या नासतील या भीतीने बंडातात्या कराडकरांच्या पुढाकाराने वारकरी उभे राहिले. तिथे जाळपोळही झाली, ती मात्र कुणालाच शोभणारी नव्हती. २०१० मध्ये तो प्रकल्प बारगळला.

पण इंद्रायणी स्वच्छ झाली का? नाही. अलीकडच्या काही वर्षांत आळंदीत तिच्यावर पांढरा फेस तरंगताना सगळ्यांनीच पाहिला. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिच्यात येतच राहिले. बाहेरून येणाऱ्याला अडवायला आंदोलन पुरते. आपल्याच घरातून निघणारी घाण ओळखायला मात्र शिक्षण लागते.

झाडांना सोयरे म्हणणारा तुकोबांचा अभंग प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याचा अर्थ एकदा घाटावर बसून शिकवावा. हे पाणी कुठून येते, निर्माल्य आणि महाप्रसादाच्या प्लास्टिकच्या पत्रावळी कुठे जातात, हे विचारावे. वेगळा विषय नको, वेगळे पुस्तकही नको.

आपल्याकडे नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. हा प्रवास एखाद्या बुवांनी निरूपणात सांगितला, तर माझ्यासारख्या मास्तराच्या चाळीस तासांपेक्षा तो लोकांच्या जास्त लक्षात राहील.

असो. तुमच्या गावच्या सप्ताहात असे कुणी बोलले असेल, तर जरूर कळवा.