तळटीप : पाटणचेरूची माती आणि सेल्युलर ऑटोमेटा

* पाटणचेरू : हैदराबादमधल्या नारायणगुड्याच्या वायव्येला तीसेक किलोमीटरवरची औद्योगिक वसाहत. येथील औषधी व रसायन कारखान्यांचे सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरा नदीकडे जाई. 1990 मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सेल्युलर ऑटोमेटा ही संगणकीय पद्धत अशा जागी लागू पडते, कारण मातीत प्रदूषण एका कणाकडून लगतच्या कणाकडे सरकते. जमिनीची चौकोनी घरे पाडायची, प्रत्येक घरात ओल, सच्छिद्रता, पाण्यात विरघळलेला आणि कणांना चिकटलेला धातू यांची नोंद ठेवायची; दर टप्प्याला प्रत्येक घर फक्त शेजारची घरे पाहून बदलते. म्हणूनच काम वाटता येते : एकेक पट्टा एकेका प्रोसेसरकडे, देवाणघेवाण केवळ कडेच्या ओळींची. इटलीत 1990 च्या दशकात ‘कॅमल’ या संगणक-प्रणालीवर दूषित मातीच्या जैविक शुद्धीकरणाचे प्रतिरूप याच रीतीने केले गेले. यावर आक्षेप असा, की पाटणचेरूच्या ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी झपाट्याने दूर जाते, तिथे शेजाराचा नियम टिकणार कसा? भेगांच्या घरांना वेगळा, जलद नियम लावता येतो. मात्र भेग नेमकी कुठे आहे हे संगणक सांगत नाही, विंधनविहिरींतली मोजमापे सांगतात. म्हणून या पद्धतीने काढलेले नकाशे वाचकांनी प्रत्यक्ष मोजणीशी ताडूनच पाहावेत. — संपादक