वसईचें थोरलें देऊळ आणि घाटावरच्या घंटा

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून सह्याद्रि चढण्याच्या दोन वाटा फार जुन्या आहेत. शहापुराहून कसाऱ्यास जाऊन थळघाटानें नाशिक गांठावें, किंवा मुरबाडाहून नाणेघाट चढून जुन्नर गांठावें. या वाटांच्या माथ्यापलीकडे कांहीं हिंदु देवस्थानांत अशा घंटा टांगलेल्या आहेत कीं, ज्या मुळांत ख्रिस्ती देवळांसाठीं ओतल्या गेल्या होत्या. नाशिकास गोदाकांठीं नारोशंकराच्या मंदिरास एक आहे. तिजवर १७२१ हा सन आहे. मुरबाडच्या रानाला लागून असलेल्या भीमाशंकरास दुसरी आहे. तिसरी घाटमाथ्यावरच पण बरीच दक्षिणेस, वाईजवळ मेणवलीस. ती १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. या साऱ्या वसईहून आल्या असें पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत येतें.

वसई फिरंग्यांच्या हातीं आली ती १५३४ च्या डिसेंबरांत, गुजराथच्या बहादूरशहाशीं झालेल्या तहानें. पुढें १५४६ मध्यें पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यानें गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यास तेथें संत जोसेफच्या नांवें देऊळ बांधण्याची आज्ञा केली. हेंच शहराचें थोरलें देऊळ; फिरंगी त्यास ‘मात्रिझ’, म्हणजे मातृमंदिर, म्हणत. १६०१ मध्यें गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश याच्या कारकीर्दींत तें नव्यानें वाढविण्यांत आलें. उंच मनोरा, त्यांत वर चढणारा गोल जिना आणि भक्कम दगडी भिंती, असें त्याचें रूप होतें. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांनींही तटाच्या आंत आपापलीं देवळें उभारलीं. एवढ्याशा जागेंत तीं इतकीं दाटलीं कीं, शहर व्यापाराचें कीं पाद्र्यांचें असा प्रश्न पडावा. वसईचा दगड तर थेट गोव्यास जाई. तेथील बों जेजूच्या दर्शनी भागांत तो लागला आहे. जेझुइटांपाशींच वसईच्या गोन्सालो गार्सियाचें बालपण गेलें. तो १५९७ मध्यें जपानांत नागासाकीस क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्यें संतपदास पोंचला.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून तट फोडला आणि शहरानें हार पत्करली. शरणागतीच्या अटी मात्र उदार होत्या. शिबंदीनें शस्त्रांसह बाहेर पडावें, कुटुंबांनीं चीजवस्तु न्यावी, पाद्र्यांनीं देवळांतील मूर्ति व अलंकार न्यावे, आणि जे मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक असावी. घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. तथापि भीमाशंकरच्या घंटेवरील क्रूस कोणी छिनून टाकला नाहीं, कीं मेणवलीच्या घंटेवरील मेरीसही कोणी हात लावला नाहीं. जेत्यांच्या मनाची ही खूण तोफांच्या वर्णनापेक्षां अधिक मोलाची मानावी लागेल.

युरोपीय पाद्री निघून गेले आणि उपासनेचा भार देशी पाद्र्यांवर पडला. १७६० मध्यें साष्टींत हिंडलेल्या आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच प्रवाशास मराठ्यांच्या अमलांतही ख्रिस्ती लोक उघडपणें सण साजरे करतांना आढळले. मोडलें तें तटाच्या आंतील वैभव. संत जोसेफच्या देवळाचें छप्पर गेलें, भिंतींना पिंपळ लागले. मनोरा तेवढा उरला. जेझुइटांचें देऊळ पुढें दुरुस्त होऊन गोन्सालो गार्सियाच्या नांवें पुन्हां उपासनेस लागलें.

इंग्रजी पुस्तकांत संत जोसेफच्या देवळास ‘कॅथीड्रल’ म्हणण्याची चाल आहे. पण फिरंग्यांच्या वेळीं वसईस बिशपची गादी कधींच नव्हती. ती आली १९९८ मध्यें, मुंबईच्या धर्मप्रांतापासून वसई वेगळी करण्यांत आली तेव्हां. आणि बिशपचें आसन मांडलें गेलें तें किल्ल्यांतील छप्पर हरवलेल्या मातृमंदिरांत नव्हे, तर किल्ल्याबाहेर, पापडीच्या देवळांत.