खांबाच्या जागी बसलेला गडी

खो-खोची कुळकथा सांगायला कोणीही बसले की पहिल्याच वाक्यात चक्रव्यूह येतो. कुमार गटातल्या उत्कृष्ट खेळाडूला मिळणारा पुरस्कारही ‘वीर अभिमन्यू’ याच नावाचा, त्यामुळे समज घट्ट झाला आहे. पण पाठलाग आणि हुलकावणी जगभरच्या पोरांना ठाऊक असते. तेवढ्यावरून कूळ ठरत नाही. आज आपण खेळतो तो खो-खो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास नियमात बांधला गेला आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्याची नियमावली छापली. सुरुवातीला मैदानात खांबच नव्हते. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना दोन जाणते गडी उकिडवे बसत आणि पळणारे त्यांना वळसा घालत. त्या गड्याच्या जागी लाकडी खांब आला, म्हणून तर हाताने तो धरून, अंग झोकून, पलीकडचा गडी टिपता येऊ लागला. खेळातले सगळ्यात देखणे कसब असे नियमांच्या दुरुस्तीतून आले; महाभारताचा त्यात काही हात नाही.

हे खुसपट काढायचे कारण असे की खेळ मुलींच्या हाती का लागला, याचे उत्तर या दुरुस्त्यांतच आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत ती सोडायची नाही, मध्यरेषाही ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांमधून कुठूनही निसटायची मुभा. म्हणजे एकट्याची ताकद मुद्दाम अडवलेली. खो दिल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गडी बाद करायला नुसता स्पर्श पुरे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची लगेच पुढच्या वर्षी, कोल्हापूरला. चिमूर, अहेरी, भामरागड या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डीच्या बरोबरीने मुलींचा खो-खो असतो, तो नियमांच्या या घडणीमुळेच.

कोणी म्हणेल, यात नियमांची काय मातब्बरी. खेळ फुकटचा आहे म्हणून जंगलपट्ट्यात रुजला. अर्धे खरे आहे. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर काम भागते. पण फुकटचे म्हणाल तर आट्यापाट्याही होत्या, त्या खो-खोइतक्या कुठे पसरल्या? बास्केटबॉलला तर बोर्ड, कडे, चेंडू, सगळेच लागते. तरी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण शाळेत लिहून काढलेला तो खेळ १९६६ मध्ये गिनीतल्या कोनाक्रीत आफ्रिकेच्या महिला अजिंक्यपदापर्यंत पोहोचला. लिहिलेला नियम शाळेच्या दप्तरातून प्रवास करतो, स्वस्ताई त्याला फार तर हातभार लावते. खो-खोला मात्र जगाच्या मैदानावर यायला वेळ लागला. पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. महिलांच्या गटात आफ्रिकेतले केनिया, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका हे संघ होते. त्यांतले शेवटचे दोन उपांत्य फेरीत गेले. कर्णधार प्रियंका इंगळेच्या भारतीय संघाने तिथे दक्षिण आफ्रिकेला ६६-१६ असे हरवले, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४०.

हे गुण पाहून आफ्रिकेचे संघ हजेरीपुरते आले होते, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. शतकभराचा सराव असलेल्या संघापुढे नवख्यांचे असेच होणार. खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला खोडता येत नाही. विश्वचषक मॅटवर, छताखाली खेळला गेला. मॅटवर पाय वेगळा पडतो, वळण वेगळे बसते, खांबावरचा सूरही वेगळा. मातीवर शिकलेली भामरागडची मुलगी आणि मॅटवर घडलेली खेळाडू यांना नियमपुस्तक एकच असले तरी मैदान एक राहिलेले नाही. मॅट फुकट येत नाही, आणि तो आधी कोणत्या तालुक्यात पोहोचेल हे नियमावलीत लिहिलेले नसते.