न्यायालयीन शुल्क आणि विधी साहाय्य निधी (बुलढाणा जिल्हा)

दिवाणी दावा दाखल करताना पक्षकार जी कोर्ट फी भरतो, तिच्यातून गरीब पक्षकाराच्या वकिलाचा खर्च भागवण्याची योजना. बुलढाण्यात, किंबहुना महाराष्ट्रात, ती थेट स्वरूपात अस्तित्वात नाही. केरळच्या न्यायालय फी कायद्यात जादा शुल्क घेऊन विधी हितनिधी उभारण्याची तरतूद आहे. आपल्याकडे ‘महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९’ खालची फी राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथल्या इतर पैशांत मिसळते. २०१८ मध्ये या फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली, पण वाढीव रकमेचा वाटा गरिबांच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवला गेला नाही. वकीलपत्रावरच्या कल्याण निधीच्या तिकिटाचा पैसाही वकिलांच्याच कल्याणासाठी असतो.

विधी साहाय्याचा पैसा येतो तो ‘विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७’ नुसार. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. बुलढाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चालते. त्याच्या निधीची मुख्य मदार राज्य प्राधिकरणाच्या अनुदानावर आहे. देणग्या घ्यायच्या तर राज्य प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. मात्र या कायद्याच्या कलम १७ मध्ये आणखी एक वाट आहे: न्यायालयाच्या आदेशाने मिळणारी रक्कम. तारखा वाढवून मागणाऱ्या पक्षकाराला न्यायाधीशांनी कॉस्ट लावली आणि ती प्राधिकरणाकडे भरायला सांगितली, की तो पैसा जिल्ह्याच्या निधीत पडतो. कोर्टातून गरिबाच्या दाव्याकडे सरळ जाणारा पैसा एवढाच. पण कुणीतरी वेळकाढूपणा करावा तेव्हा येणाऱ्या पैशावर वर्षाचे अंदाजपत्रक बसत नाही.

उलट दिशेने, म्हणजे फी माफ करून वा परत देऊन, मिळणारी मदत अधिक ठोस आहे. पोटगी, घटस्फोट, वैवाहिक वादातील मालमत्ता व अत्याचार यांविषयीच्या स्त्रियांच्या दाव्यांना १९९४ पासून फी माफ आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते. निर्धन म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली फी न भरता दावा लावता येतो. जिंकल्यास ती फी सरकार वसूल करते.

स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करावा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.