छप्पर कुणाच्या नावावर?

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीत पंतप्रधानांच्या हस्ते रे नगरमधल्या १५ हजार घरांचं वाटप झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरावेचक अशा असंघटित कामगारांची ही ३० हजार घरांची वसाहत. त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ जानेवारीला, अयोध्येहून परतल्यावर पंतप्रधानांनी देशातल्या एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. घोषणेत तिचं नाव ‘सूर्योदय’ होतं. फेब्रुवारीत ती ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ या नावाने आली, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद घेऊन.

एका आठवड्यात दोन बातम्या. एकीत माणसाला छप्पर मिळालं, दुसरीत छपरावर वीज मिळणार होती. पण स्वतःचं छप्पर असणं आणि त्यावर सरकारी अनुदानाचं यंत्र चालू असणं, यांत बरंच अंतर आहे. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं सरकार आपल्या घरात ऊर्जा वाचवणारी यंत्रं पाठवतंय: गोबरगॅस, निर्धूर चूल, एलईडी बल्ब, आता सौर पॅनेल. यंत्र दर वेळी वेगळं होतं. घरमालकापुढचे प्रश्न मात्र तेच राहिले. आधी पैसे कोण घालणार? कागद कुणाच्या नावावर आहे? आणि बिघडलं तर कोण बघणार?

माळवदापासून पत्र्यापर्यंत

सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकराला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. या भागातल्या जुन्या घरांनी त्यावर आपलं उत्तर शोधलं होतं. जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. दरवर्षी पावसाआधी वर नवी माती टाकायची, गळती बुजवायची. वीज शून्य, पण अंगमेहनत भरपूर.

शहर गिरण्यांचं झालं, मग यंत्रमागाचं आणि विडीचं. पूर्व भागात एका खोलीत माग, माणसं आणि स्वयंपाक एकत्र नांदू लागले. तिथे माळवद परवडणारं नव्हतं, पत्रा परवडत होता. पुढे जमेल त्याने स्लॅब टाकला. पत्रा लगेच तापतो आणि स्लॅब तापला की रात्रभर निवत नाही. त्यामुळे पंखा आला, कूलर आला, आता एसी येतोय. उकाडा आत येऊ न देणारं छप्पर गेलं आणि उकाडा बाहेर काढायचं बिल सुरू झालं.

मोजणी बांधलेल्याची, वापरलेल्याची नाही

१९८१-८२मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. खादी ग्रामोद्योग आयोग त्याआधीपासून तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबरगॅस गावोगावी नेत होता. आता मोठं सरकारी अनुदान आणि बँकेचं कर्ज जोडीला आलं. यंत्र खरंच चांगलं होतं. धूर नाही, सरपण नाही आणि उरलेली स्लरी शेताला खत.

पण अगदी घरगुती प्लँटलाही चार-पाच जनावरांचं शेण लागतं आणि ते कालवायला जवळपास तेवढंच पाणी. म्हणजे ज्याच्याकडे गोठा, जागा आणि पाणी आहे, त्यालाच अनुदान. भूमिहीन बाईच्या चुलीपर्यंत ते पोचणं शक्यच नव्हतं. शिवाय सोलापूर जिल्हा दुष्काळी. चाऱ्याअभावी जनावरं छावणीत किंवा बाजारात गेली की प्लँट बंद. लोखंडी टाकी गंजते, तिला रंग लागतो, त्याला अनुदान नसतं. कर्जाचा हप्ता मात्र असतो.

निर्धूर चुलीची गोष्ट याहून बोलकी आहे. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२मध्ये केंद्राने तो गुंडाळला. तोवर देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद होती. नोंद बसवलेल्या चुलींची होती. काजळीने धुराडं तुंबलं, तडा गेला, पातेलं चुलीच्या तोंडावर नीट बसेना म्हणून बाईने बाजूला तीन दगड मांडले, तरी कागदावर ती चूल चालूच राहिली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ॲप किती जणांनी डाउनलोड केलं आणि किती जण रोज उघडतात, हे दोन आकडे वेगळे ठेवतात. चुलीच्या कार्यक्रमाने पहिला आकडा जपला. दुसरा फक्त घरातल्या बाईला माहीत होता.

दहा रुपयांचा बल्ब

मग आला बल्ब. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या योजनेचं नाव पुढे ‘उजाला’ झालं. सरकारी कंपनी ईईएसएलने कोट्यवधी एलईडी बल्ब एकगठ्ठा खरेदी केले. २०१४च्या सुरुवातीला त्यांना एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६च्या निविदेत तो ३८ रुपयांवर आला. देशात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

गंमत म्हणजे, या योजनेत बल्बवर सरकारी अनुदान नव्हतं. अनेक ठिकाणी सुरुवातीला दहा रुपये द्यायचे आणि बाकीचे हप्त्याने वीजबिलातून. बल्ब लावला की बिल कमी होणार आणि त्या बचतीतूनच बल्बचे पैसे फिटणार. साठ वॅटच्या जागी सात-नऊ वॅट आले. छप्पर कुणाच्या मालकीचं, हा प्रश्नच नव्हता. भाडेकरूही घर सोडताना बल्ब काढून नेऊ शकत होता. ऊर्जाबचतीच्या योजनांपैकी हीच एक पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरातही सहज शिरली.

छपरावरची वीज

सौर पॅनेलचं तसं नाही. ते खिशात घालून नेता येत नाही. महाराष्ट्रात २०१५मध्ये वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. दिवसा तयार झालेली जादा वीज महावितरणला द्यायची, रात्री आपण वापरायची आणि बिल फरकाचं. केंद्राचं अनुदान होतंच, पण फाइल फिरायची जास्त. २०२२पर्यंत देशभरात छपरांवर ४० हजार मेगावॉटचं उद्दिष्ट होतं. आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. जुलै २०२२मध्ये राष्ट्रीय पोर्टल आलं आणि अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जाऊ लागलं. २०२४च्या सूर्यघर योजनेने रकमा वाढवल्या: एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार.

हिशेब आकर्षक आहे. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. तीन किलोवॉटची सरकारने धरलेली किंमत १ लाख ४५ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे. पण ते पैसे येतात शेवटी. आधी नोंदणी, मग विक्रेता, पॅनेल, तपासणी, नेट मीटर आणि मग अनुदान. तोवर पूर्ण रक्कम घरमालकाची. विनातारण स्वस्त कर्जाची सोय केली आहे, हे चांगलंच. पण कर्जासाठीही कागद लागतात.

आणि कागदात सोलापूर अडतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची वीजबिलं आजही आजोबांच्या नावाने येतात. कनेक्शन ‘एमएसईबी’च्या काळातलं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. आमच्याकडे नाव बदलायचं ठरलं तेव्हा वारसांची यादी निघाली: चार भावंडं, दोघं पुण्यात, एक आत्या हैदराबादला. सगळ्यांच्या संमतीपत्रांना चार महिने लागले. पोर्टलवरचा अर्ज मी जेमतेम वीस मिनिटांत भरला होता. आत्या फोनवर म्हणाली, “मीटर घे रे बाळा, पण घरातलं माझं नाव काढू नकोस.” तिचं बरोबर होतं. तिच्यासाठी तो विजेचा कागद नव्हता, माहेरातल्या हक्काचा होता.

जे बाहेर राहतात

श्रीमंत देशांतही हे अडथळे चुकलेले नाहीत. इंग्लंडने सप्टेंबर २०२०मध्ये घरांना उबदार करण्यासाठी अनुदान सुरू केलं. लक्ष्य होतं सहा लाख घरांचं. प्रमाणित कारागीरच पुरेनात, मंजूर पावत्या लोकांच्या हातात पडून राहिल्या आणि सहा-सात महिन्यांत, पन्नास हजारांचाही टप्पा न गाठता, योजना बंद झाली. ऑस्ट्रेलियात २००९च्या योजनेत घाईघाईने घरांच्या छतांत उष्णतारोधक भरताना चार तरुण कामगारांचा जीव गेला. पैसा जाहीर करायला एक दिवस लागतो, काम जाणणारे हात तयार व्हायला वर्षं लागतात.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. ज्याचं बिल मोठं, त्याची बचत मोठी. महिन्याला ७० युनिट वापरणाऱ्या विडी कामगार बाईने पदरचे हजारो रुपये का घालावेत? महाराष्ट्राने २०२५मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ योजना याला दिलेलं उत्तर आहे. शंभर युनिटांच्या आतल्या घरांना एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला साधारण अडीच हजारच घालावे लागतात. इतक्या वर्षांत पहिला प्रश्न, आधी पैसे कोण घालणार हा, कुणीतरी नीट ऐकला म्हणायचं.

दुसरा अजून उरलाय. कुंभारीतच कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत आहे. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवलेली, २००६मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार महिलांना मिळालेली. त्या बाईच्या डोक्यावर तिचं स्वतःचं छप्पर आहे. रे नगरमध्ये मात्र एका इमारतीत अनेक घरं आणि गच्ची सगळ्यांची. सोसायटीला सामाईक दिवे-पंपांसाठी अनुदान मिळतं, पण प्रत्येकीच्या बिलात ऊन कसं उतरवायचं? आणि शहरातल्या भाडेकरूचं काय? त्याच्या डोक्यावरचा पत्रा तापतो त्याच्यासाठी, पण तो आहे मालकाचा. त्या पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला फार खर्च येत नाही. तेलंगणाने २०२३मध्ये अशा ‘थंड छपरां’चं धोरण आणलं. आपल्या योजनांमध्ये वीज तयार करणाऱ्या छपराला अनुदान आहे, न तापणाऱ्या छपराला नाही. माळवद टाकणाऱ्या माणसाला याचं नवल वाटलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही वर्षांत कळेल. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षं, विक्रेत्याने देखभाल करायची पाच. उरलेली वीस वर्षं घरमालकाची. सोलापूरची धूळ पॅनेलवर बसणार, वीज घटणार, पॅनेल धुवायला लागणार. या शहराने वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलंय. त्या पाण्यातली एक बादली गच्चीवर कोण आणि कधी नेणार, हे कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. चुलीच्या वेळी ते मोजलं नव्हतं. या वेळी मोजायला हवं: बसवलेली पॅनेलं किती, हे तर हवंच, पण सहाव्या वर्षी चालू असलेली किती, हेही.